हळू चालणारे मेले

भुताखेतांचे सिनेमे मला कधीच आवडले नाहीत. भीती वाटते म्हणून नव्हे, राग येतो म्हणून. घरात काहीतरी आहे हे दिसत असताना जो माणूस दिवा न लावता तळघरात उतरतो, त्याचं पुढे जे व्हायचं ते होऊ दे, असं मला वाटतं. पण दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत इंग्लंडात मिल्टन कीन्समधलं आमचं घर झॉम्बींच्या, म्हणजे मेल्यावर उठून चालणाऱ्या माणसांच्या, सिनेमांवर चालत होतं आणि त्यापुढे मी हात टेकले होते.

हे सगळं माझ्या मुलीचं. ती तेव्हा सतरा वर्षांची, सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपली अकरावी-बारावी. मीडिया स्टडीज हा विषय घेऊ नकोस म्हणून मी तिच्याशी भरपूर भांडले होते आणि हरले होते. येणार असलेल्या सिनेमांची पानं ती मासिकांतून कापून फ्रिजला लावायची. कुठला उन्हाळ्यात, कुठला हॅलोविनला, कुठला अमेरिकेत आधी आणि आमच्याकडे मागाहून. कौन्सिलच्या कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक लावायला मला फ्रिजवर जागा उरली नव्हती. एखाद्या सिनेमाची तारीख पुढे ढकलली गेली की घरात सुतक. नवा ट्रेलर आला की तो फोनच्याच तारेवरून कॉम्प्युटरवर उतरेपर्यंत कोणी फोनला हात लावायचा नाही. आणि एवढं करून सिनेमा बघून आली की निम्म्या वेळा तोंड वाकडं.

"आवडत नाही तर वाट कशाला बघतेस?" मी एकदा विचारलं.

"मम्मा, वाट बघणं इज द बेस्ट पार्ट," ती म्हणाली. मला तो निव्वळ पोरकटपणा वाटला.

त्या काळात झॉम्बींच्या दुनियेत मोठी भानगड चालू होती. पूर्वीचे झॉम्बी पाय ओढत, हात पुढे करून, हळूहळू यायचे. नव्या सिनेमांतले धावायला लागले होते, तेही शर्यत लागल्यासारखे. माझी मुलगी कट्टर हळूवाल्यांच्या पक्षातली. धावणाऱ्यांना ती झॉम्बी मानायलाच तयार नव्हती. तिचे बाबा मुद्दाम धावणाऱ्यांची बाजू घ्यायचे, कारण चिडली की तिचं नाक लाल व्हायचं आणि त्यांना ते बघायला आवडायचं. आमच्या जेवणाच्या टेबलावर आमटीभाताबरोबर रोज हा विषय असे.

त्याच वर्षी मार्चमध्ये माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या.

आदल्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. वाचा परत आली, हातही आला. डावा पाय मात्र मागे राहिला. तो उचललाच जायचा नाही, जमिनीवरून घासत यायचा. बाई मूळची नाकावर माशी बसू न देणारी. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या, भाजी स्वतः आणायच्या, बँकेत स्वतः जायच्या. आता माझी नणंद म्हणत होती की आईने पुण्याला तिच्याकडे राहावं आणि सांगलीचा फ्लॅट विकून टाकावा. सासूबाईंना ते अजिबात नको होतं. शेवटी बहीणभावांचं फोनवर ठरलं. सहा महिन्यांच्या व्हिसावर आईने इंग्लंडला यायचं, व्यायाम करायचा. ऑगस्टअखेर परत जाईपर्यंत तिला एकटीने रस्त्याने चालता यायला लागलं तर सांगली, नाही तर पुणे. नणंद तेव्हा सांगलीला त्यांच्याजवळच होती, म्हणजे हे सगळं त्यांच्या देखत ठरलं. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं.

आणि आमच्याकडे आल्यावर त्यांनी घराबाहेर पाऊल टाकायलाच नकार दिला.

घरात त्या भिंत धरून, कठडा धरून फिरायच्या. डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम खुर्चीत बसून करायच्या. पण बाहेर नाही. "लोक बघतात," एवढंच. आता आमच्या गावात बघायला लोक असतात कुठे? सगळं आखून वसवलेलं गाव, चौकाचौकात राउंडअबाउट, जो तो गाडीत. चालणाऱ्यांसाठी लाल रंगाच्या वेगळ्या वाटा आहेत, रेडवे म्हणतात त्यांना. मोठ्या रस्त्यांच्या खालून बोगद्यातून जातात. त्यांच्यावर कोणी माणूस चालताना दिसलाच तर पुढे त्याचा कुत्रा असतो. हे मी त्यांना चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी त्या म्हणाल्या, "कुत्रा तरी बघेलच की."

माझा नवरा सकाळी ऑफिसला जाताना म्हणायचा, "आई, पाय उचल." संध्याकाळी आल्यावर म्हणायचा, "आई, पाय उचल. आधी टाच टेक, मग बोटं." मी म्हणायचे, "आई, पाय जरा उचला ना." नणंद पुण्याहून फोनवर तेच. शेवटी बोलून बोलून त्या वाक्यातला जीवच गेला. त्या खिडकीशी बसून स्वतःच्या पायाकडे बघत आणि पुटपुटत, "मेला पाय. मेला ऐकत नाही माझं."

एप्रिलमधली गोष्ट असेल. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. मुलगी आली आणि दार लोटून घेऊन हळूच म्हणाली, "मम्मा, आजीची पाय... इज इट डेड?"

"काय?"

"आजी रोज म्हणते, मेला पाय, मेला पाय. डॉक्टरने तसं सांगितलं का? तुम्ही मला का नाही सांगितलं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला समजायला एक क्षण लागला आणि मग मी इतकी हसले की कणकेच्या हातांनी ओटा धरावा लागला. ती आणखी चिडली. मग मी तिला नीट सांगितलं. अगं, मेला म्हणजे तसा मेलेला नव्हे. आपल्या बायकांची बोलायची रीत आहे ती. मेली बस वेळेवर येत नाही. मेलं दूध उतू गेलं. राग आला की म्हणतात, आणि माया आली तरी म्हणतात. माझी आई मला दारातच विचारायची, मेले, जेवलीस का काही? इथे इंग्लंडमध्ये वाढलेल्या पोरीला हे कोण सांगणार? तिच्या मराठीत पायसुद्धा कधी तो असायचा, कधी ती.

तिने सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. "सो बेसिकली," ती म्हणाली, "मराठीत सगळेच झॉम्बी आहेत."

आणि तडक आजीच्या खोलीत गेली. मी मागून ऐकत होते.

"आजी, मला झॉम्बीसाठी मराठी वर्ड मिळाला. मेले! तू मेले बघतो का माझ्याबरोबर?"

"बघतो नाही, बघतेस," सासूबाई म्हणाल्या. "कोण मेले? कुठले?"

तिने त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि एका येऊ घातलेल्या सिनेमाचा ट्रेलर लावला. मला वाटलं, आता म्हातारी घाबरणार, देवाचं नाव घेणार, आणि मला रात्री तिच्या खोलीत झोपावं लागणार. सासूबाई चष्मा लावून पुढे वाकून बघत राहिल्या. ट्रेलर संपल्यावर म्हणाल्या, "हे मेले पळतायत कुठे एवढे?"

"एक्झॅक्टली!" मुलगी ओरडली.

"मेलेल्या माणसाला कसली आलीय घाई? त्याला काय ऑफिस गाठायचंय?"

मुलीने आजीच्या गळ्यात हात टाकले. त्या दिवसापासून हळूवाल्यांच्या पक्षात एक मत वाढलं आणि माझा नवरा कायमचा पडला. आजीनात एकत्र ट्रेलर बघू लागल्या. कोण कुणाला कुठे चावतं यापेक्षा कोण कसं चालतं यावर त्यांची चर्चा. "हा बघ, हा कंबरेतून वाकतो. खोटं आहे. पाय खरोखर जड झाला ना, की माणूस खांद्यातून वाकतं," सासूबाई सांगायच्या आणि माझी मुलगी ते डोकं हलवत ऐकायची. आजारपणावर एक अक्षर न बोलणारी बाई या मेल्यांच्या निमित्ताने आपल्या पायाबद्दल बोलत होती. मी मध्ये तोंड घातलं नाही. मला ते जमतं, पण कष्ट पडतात.

एका संध्याकाळी फ्रिजपाशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, "तो हळू चालणाऱ्यांचा सिनेमा कधी येतोय गं?"

"ऑक्टोबर," मुलगी म्हणाली.

"म्हणजे मी गेल्यावर." आमची तोंडं बघून त्यांनीच घाईने जोडलं, "इथून गेल्यावर म्हणतेय मी. भारतात."

झटका आल्यानंतर त्यांनी पुढच्या कशाबद्दल विचारलं, असं तोवर एकदाही झालं नव्हतं. गणपतीचं काय, साड्यांचं काय, कशाला काही नाही. पुढचं पुढे बघू, एवढंच. आणि आता त्यांना ऑक्टोबरातला सिनेमा चुकणार म्हणून वाईट वाटत होतं. मला तेव्हा कुठे पोरीचं ते वाट बघण्याबद्दलचं बोलणं पटलं.

"देन आय विल मेक वन," मुलगी म्हणाली. तिला तसाही कोर्सवर्कला छोटा सिनेमा करायचा होता. "जुलैमध्ये. स्लो झॉम्बीज. आणि आजी, तू त्यात मेला असशील."

"मेली," सासूबाई म्हणाल्या.

माझं डोकं सटकलं. मी तिला बाहेर बोलावून झाप झाप झापलं. आजारी माणसाच्या चालण्याची थट्टा करून मार्क मिळवायचे? लाज नाही वाटत? उद्या तुझ्या मैत्रिणी हसतील तिला, मग? मुलगी रडत म्हणत होती की थट्टा नाही, नाही, नाही, आणि माझ्या तोंडाचा पट्टा चालूच. तेवढ्यात मागे पाय घासल्याचा आवाज आला. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"मला कोणी विचारलंय का?" त्या म्हणाल्या.

"आई, तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"पोरीने विचारलं मला. तू नाही विचारलंस." आणि मुलीकडे वळून म्हणाल्या, "मी करीन. पण तालीम लागेल. तालमीशिवाय मी काही करत नाही. एक्स्चेंजमध्ये नाटकं बसवायचो आम्ही."

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली, कॉलेजातून मुलगी परत आली की. घराबाहेर. रेडवेवर. मला आणि नवऱ्याला तिकडे फिरकायला बंदी होती. शूटिंगच्या दिवशीच बघायचं, असा हुकूम. मी ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत बसलेली असायचे आणि मनात धाकधूक, या दोघी कुठे पडल्या-झडल्या तर? पण संध्याकाळी घरी यावं तर दोघी लाल गालांनी चहा पीत बसलेल्या. गोष्टी कानावर यायच्या तेवढ्या यायच्या. पहिल्याच दिवशी एक म्हातारा साहेब कुत्रा घेऊन समोरून आला. सासूबाई थिजल्याच. मुलीने त्याला सांगून टाकलं की माझी आजी रिहर्सल करतेय, ती झॉम्बी आहे. तो थांबला, त्याने नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, "व्हेरी गुड. व्हेरी गुड इंडीड." पुढे तो रोज भेटायचा आणि रोज विचारायचा, सिनेमा कधी येतोय म्हणून.

"आता लोक बघत नाहीत का?" मी सासूबाईंना जरा खोचकपणे विचारलं.

"बघतात ना," त्या म्हणाल्या. "पण काम बघतात माझं."

मे गेला, जून गेला. बोगद्यापर्यंत असलेली तालीम बोगद्याच्या पलीकडे गेली, मग तळ्यापर्यंत. घरात मात्र त्या सवयीने भिंत धरूनच चालायच्या, त्यामुळे मला वेगळं काही दिसलं नाही. नणंदेचा फोन आला की नवरा खालच्या आवाजात सांगायचा, आहे तसंच आहे, बघू. एकदा नणंदेने फ्लॅटसाठी गिऱ्हाईक आल्याचं कळवलं. त्याने ते आईला सांगितलं. त्या दिवशीही त्यांनी "बरं" म्हटलं आणि तालमीला गेल्या.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी शूटिंग ठरलं. मुलीच्या चार मैत्रिणी आल्या, एकीच्या हातात उसना कॅमेरा. पांढरी पावडर, डोळ्यांखाली काजळ, रक्त म्हणून लाल रंग घातलेला साखरेचा पाक. मुलीला आजी फाटक्या साडीत हवी होती म्हणे. सासूबाईंनी साफ नाही म्हटलं. "मेले म्हणून काय झालं? फाटकं नेसणार नाही." मग इस्त्रीची सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि पाकाचा डाग जाणार नाही म्हणून वरून माझ्या नवऱ्याचा जुना स्वेटर. त्या पोरी त्यांना रंगवताना अजिबात हसल्या नाहीत, उलट आजी, ओके? आजी, ओके? करत होत्या. मी उगाच घाबरले होते, हे माझ्या लक्षात आलं.

बोगद्याच्या एका तोंडाशी पाचही जणी उभ्या राहिल्या, सासूबाई सगळ्यांत पुढे. दुसऱ्या तोंडाशी मुलगी कॅमेऱ्यामागे. मी आणि नवरा पिशव्या सांभाळत कडेला. मुलगी ओरडली, "ॲक्शन!" मागच्या चौघी पाय ओढत, मान टाकून निघाल्या. आणि सासूबाई चालू लागल्या.

टाच, मग बोटं. टाच, मग बोटं. डावा पाय किंचित उशिरा यायचा, पण यायचा उचलून. बोगद्यात बुटाचा आवाज वाजत होता, घासण्याचा नाही, टेकण्याचा. हात पुढे केलेले, तोंड भयंकर केलेलं, आणि खाली पाय असे की बाजारात निघाल्यात. माझ्या शेजारी नवऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"कट!" मुलगी वैतागून आली. "आजी, तू नीट चालतेस! तू झॉम्बी नाही दिसतेस. कालपण असंच केलंस. ड्रॅग, आजी, ड्रॅग!"

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पाचसहा पावलं त्यांनी कसाबसा पाय घासला आणि मग तो आपला आपण उचलला गेला. मैत्रिणी खोळंबल्या होत्या. मुलगी रडकुंडीला आली. "मम्मा, तू सांग ना तिला. मराठीत नीट सांग. प्लीज."

मी गेले. त्यांच्यासमोर उभी राहिले. मार्चपासून आमच्या घरात या बाईला आम्ही सगळे मिळून एकच गोष्ट सांगत आलो होतो. शेवटी म्हटलं, "आई, पाय जरा ओढा, म्हणतेय ती."

त्यांनी खाली पायाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "कसा ओढायचे गं मी? मला माझी चाल कधी दिसलीच नाही. तू बघितलीयस. दाखव."

"मी?"

"मग काय त्या पोरी दाखवणार? त्या आत्ता भेटल्या मला."

मी पर्स खाली ठेवली आणि चालले. डावा खांदा वाकवून, डावी टाच बाहेर टाकून, बोटं जमिनीला घासत, त्या आल्यापासून मी जे रोज बघत होते ते सगळं, काही कमी न करता. बोगद्याच्या अर्ध्यापर्यंत गेले आणि मला रडू कोसळलं. तशीच पुसत परत आले. सासूबाई मान तिरकी करून अगदी लक्षपूर्वक बघत होत्या.

"इतकी वाईट?" त्यांनी विचारलं.

"इतकी," मी म्हटलं.

"बाई गं," त्या म्हणाल्या. मग पदर खोचून माझ्यासारखं करून बघू लागल्या. खांदा वाकवला, टाच बाहेर टाकली, एक पाऊल घासलं, दुसरं उचललं गेलं. पुन्हा केलं, पुन्हा उचललं गेलं. मग त्या सरळ झाल्या, गालावरचा पाक पदराला लागू न देता तळहाताने पुसला आणि माझ्या नवऱ्याला हाक मारली.

"ऐक रे. पुण्याला फोन लाव. तिला सांग, आईला पाय ओढायला जमत नाहीये."

त्याने पिशवी तिथेच टाकली आणि खिशातून फोन काढला.